ग्लोबलायझेशनबद्दल सारखे विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न वेगवेगळ्या लोकांनी पाठवलेत, कुणाचा कॉलेज प्रोजेक्ट आहे, कुणाचं मित्राशी भांडण झालंय, कुणाला नुसतं खरं-खोटं करायचंय. सारखे वाटले ते एकत्र केलेत. उत्तर आधीच कुठे आलं असेल तर नंबर दिलाय, तिकडे बघा.

१. ग्लोबलायझेशन म्हणजे परदेशी कंपन्या येणं, एवढंच ना?

तेवढंच नाही. सीमा ओलांडणाऱ्या गोष्टी चार: माल, पैसा, माणसं आणि माहिती (यात तंत्रज्ञान, गाणी, फॅशन, अफवा सगळं आलं). या चौघांना सारखी मोकळीक मिळालेली नाही, ही गोष्ट लोक विसरतात. पैसा बटण दाबलं की जातो, माल बऱ्यापैकी सहज जातो, माणूस मात्र व्हिसाच्या रांगेत उभा. २०२० मध्ये जन्मलेला देश सोडून दुसरीकडे राहणारी माणसं जगात साधारण २८ कोटी होती, म्हणजे लोकसंख्येच्या ३.६ टक्के. बाकी सगळे घरीच. त्यामुळे "जग एक झालं" वगैरे ऐकलं की आधी विचारा, कुणासाठी?

२. हे १९९० नंतर सुरू झालं, बरोबर?

आपल्याला दिसलं तेव्हा सुरू झालं असं म्हणू. साधारण १८७० ते १९१४ या काळात एक मोठी लाट येऊन गेली होती. १८६६ ला अटलांटिकखालची तार नीट चालू झाली, १८६९ ला सुएझ कालवा उघडला, वाफेची जहाजं आली, आणि माणसं तर आजच्यापेक्षा मोकळेपणाने युरोपातून अमेरिकेत जात होती. अर्थात त्या लाटेतला मोठा भाग वसाहतींच्या जोरावर होता, अर्ध्या जगाला "तुम्हाला व्यापार करायचाय का" असं कुणी विचारलंच नव्हतं.

मग पहिलं महायुद्ध, मंदी, १९३० चा अमेरिकेचा आयात शुल्क वाढवणारा स्मूट-हॉली कायदा, सगळ्यांनी एकमेकांवर आयात शुल्क लावलं आणि गाडी उलटी फिरली. १९४४ ला अमेरिकेत ब्रेटन वूड्सच्या परिषदेत आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जागतिक बँकेचा पाया घातला, १९४७ ला २३ देशांनी गॅट हा व्यापार आणि शुल्काचा करार केला, त्याचीच पुढे १९९५ ला जागतिक व्यापार संघटना झाली, म्हणजे डब्ल्यूटीओ. ९० च्या दशकात नवीन काय झालं तर चीन, भारत आणि जुना सोव्हिएत गट असे तिघेही थोड्याफार फरकाने बाजारात उतरले आणि जगाच्या कामगारांची संख्या एकदम फुगली.

३. एवढ्या लांबून माल आणणं परवडतं तरी कसं?

कंटेनरमुळे. हे उत्तर लोकांना फार साधं वाटतं पण इंटरनेटच्या आधी जगाचा व्यापार बदलला तो या लोखंडी पेटीने. २६ एप्रिल १९५६ ला माल्कम मॅक्लीन नावाच्या ट्रकवाल्या उद्योजकाने 'आयडियल एक्स' जहाजावर ५८ पेट्या चढवून न्यूअर्कहून ह्यूस्टनला पाठवल्या. त्याआधी पोती, पिंपं, खोकी गोदी कामगार हाताने चढवायचे, जहाज कित्येक दिवस धक्क्यावरच पडून राहायचं. सुटा माल चढवायला टनाला जवळपास सहा डॉलर लागायचे, पेटीत घातल्यावर तो खर्च सोळा सेंटच्या आसपास आला. पुढे पेट्यांची मापं जगभर एकच ठरली आणि मग तीच पेटी ट्रकवर, रेल्वेवर, जहाजावर न उघडता जायला लागली. आज जगातला ८० टक्क्यांहून जास्त माल (वजनाने) समुद्रावरूनच जातो.

आता याची दुसरी बाजू. लंडनच्या जुन्या गोद्या पिढ्यान्पिढ्या चाललेल्या, त्या १९८१ पर्यंत एकेक करत बंद झाल्या, कारण नव्या जहाजांना खोल पाणी आणि मोकळी जागा हवी होती, आणि हजारो गोदी कामगारांची गरजच उरली नाही. माल सगळ्यांसाठी स्वस्त झाला, रोजगार मात्र ठरावीक मोहल्ल्यांतून गेला. हेच चित्र खाली परत परत दिसेल.

४. सरळ सांगा, फायदा झाला की तोटा?

फायदा झाला, पण फायदा पातळ पसरतो आणि तोटा एका जागी साचतो, सगळी भांडणं इथूनच सुरू होतात. आयात वाढली की कोट्यवधी लोकांचे थोडे थोडे पैसे वाचतात, कुणी त्यासाठी मोर्चा काढत नाही, कुणाला जाणवतही नाही. पण ज्या गावात एकच कारखाना होता तो बंद पडला की त्या गावाचं सगळंच जातं, पगार, दुकानं, घराची किंमत, शाळेला मिळणारा टॅक्स.

ब्रिटिश अर्थतज्ज्ञ रिकार्डोने १८१७ मध्ये मांडलेला हिशोब चूक नाहीये. प्रत्येक देशाने आपल्याला तुलनेने जे बरं जमतं ते करावं आणि बाकीचं विकत घ्यावं, एकूण उत्पन्न वाढतं. गडबड पुढच्या पायरीवर आहे, की काम गेलेला माणूस दुसऱ्या कामाला लागेल हे धरून चाललेलं असतं. डेव्हिड ऑटर, डेव्हिड डॉर्न आणि गॉर्डन हॅन्सन या अर्थतज्ज्ञांनी चीनच्या मालाचा अमेरिकेतल्या एकेका भागावर काय परिणाम झाला ते तपासलं, तर दिसलं असं की फर्निचर, कापड असे उद्योग असलेल्या भागांतली माणसं दुसरीकडे गेलीच नाहीत, नवीन काम मिळालं नाही, पगार खाली राहिले आणि सरकारी मदतीवरचे लोक वाढले. १९९९ ते २०११ या काळात चिनी आयातीमुळे २० ते २४ लाख नोकऱ्या गेल्या असा ऑटर आणि इतर काही जणांचा नंतरचा अंदाज आहे. देश म्हणून अमेरिका त्या काळात श्रीमंतच होत होती.

थोडक्यात बेरीज अधिक येते, वाटणी आपोआप होत नाही. वाटणी करायची तर टॅक्स, प्रशिक्षण, बेकारी भत्ता, आरोग्यसेवा हे सगळं घरच्या सरकारलाच करायला लागतं. डेन्मार्कसारख्या देशात नोकरीवरून काढणं सोपं आहे पण काढलेल्याला चांगला भत्ता आणि नवीन कामाचं शिक्षणही मिळतं, त्यामुळे तिथे आयातीला एवढा विरोध होत नाही. अमेरिकेत १९६२ पासून अशी एक मदत योजना होती, पण ती कायम तोकडीच राहिली.

५. नोकऱ्या मशीनने खाल्ल्या की चीनने?

दोन्हीने. अमेरिकेत २००० ते २०१० मध्ये कारखान्यांतल्या पन्नास लाखांहून जास्त नोकऱ्या गेल्या, त्यात वरच्या प्रश्नातला आकडा ठेवून बघा, म्हणजे लक्षात येईल की आयात हे मोठं कारण आहे पण एकमेव नाही, मशीन आहेत, २००८ ची मंदी आहे. फरक एवढाच की मशीनविरुद्ध निवडणूक लढवता येत नाही, परदेशी माणसाविरुद्ध येते.

६. गरिबी कमी झाली म्हणतात, ती आकड्यांची हातचलाखी आहे का?

नाही, खरंच कमी झाली. जागतिक बँकेच्या तेव्हाच्या अतिगरिबीच्या रेषेप्रमाणे १९९० मध्ये जगातले एक तृतीयांशाहून जास्त लोक रेषेखाली होते, २०१९ पर्यंत ते दहा टक्क्यांच्या आत आले. रेषा कुठे आखायची यावर वाद घाला, जरूर घाला, पण रेषा वर सरकवली तरी दिशा तीच राहते.

मात्र "बाजार उघडा, गरिबी जाईल" असा सरळ अर्थ काढू नका. या घटीतला सगळ्यात मोठा वाटा चीनचा, आणि चीनने बाजार स्वतःच्या अटींवर, हळूहळू उघडला, बँका सरकारच्या हातात ठेवल्या, पैशाच्या ये-जा वर बंधनं ठेवली, परदेशी कंपन्यांना स्थानिक भागीदार घ्यायला लावले, आणि डब्ल्यूटीओत आला तो थेट डिसेंबर २००१ ला. व्हिएतनामने १९८६ ला सुधारणा सुरू केल्या आणि डब्ल्यूटीओत गेला २००७ ला. त्याआधी दक्षिण कोरिया आणि तैवाननेही आपले उद्योग आधी जपले, निर्यातीला ढकललं आणि मग दारं उघडली.

याच्या उलट हैती. १९९० च्या दशकाच्या मध्यात तिथे तांदळावरचं आयात शुल्क ३ टक्क्यांवर आणलं, अमेरिकेचा सबसिडीवाला तांदूळ आला आणि स्थानिक भातशेती मोडली. अमेरिकेचे माजी अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी २०१० मध्ये तिथल्या सिनेट समितीसमोर कबूल केलं की हे धोरण त्यांच्या राज्यातल्या शेतकऱ्यांना चांगलं ठरलं पण हैतीसाठी नाही.

७. विषमता वाढली की कमी झाली? दोन्ही वाचलंय.

दोन्ही बरोबर आहे. देशादेशांतली कमी झाली (मुख्यतः चीन आणि भारत वर आल्यामुळे), बऱ्याच देशांच्या आतली वाढली. क्रिस्टोफ लाकनर आणि ब्रँको मिलानोविच यांनी १९८८ ते २००८ मध्ये जगातल्या कुठल्या थराचं उत्पन्न किती वाढलं याचा आलेख काढला, तो सोंड वर केलेल्या हत्तीसारखा दिसतो म्हणून त्याला हत्तीचा आलेख म्हणतात. पाठीवर आशियातला नवा मध्यमवर्ग, सोंडेच्या टोकाला जगातले सगळ्यात श्रीमंत, आणि सोंड जिथे खाली येते तिथे श्रीमंत देशांतला कामगार आणि कनिष्ठ मध्यमवर्ग, ज्यांचं उत्पन्न जवळपास जागच्या जागी राहिलं. नंतर काहींनी दाखवलं की त्या खड्ड्यात सोव्हिएत गट कोसळणं आणि जपानची मरगळ हेही मिसळलंय, त्यामुळे प्रत्येक श्रीमंत देशाला तो तसाच लावता येत नाही. पण २०१६ चं ब्रेक्झिट मतदान समजून घ्यायचं असेल तर तो आलेख एकदा बघाच.

८. स्वस्त कपडे घेणं पाप आहे का? बहिष्कार टाकू का?

हा प्रश्न राणा प्लाझाचे फोटो बघितलेले लोक विचारतात. २४ एप्रिल २०१३ ला बांगलादेशात ढाक्याजवळच्या सावर या ठिकाणी राणा प्लाझा ही इमारत कोसळली, १,१३४ माणसं गेली. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते, खालची बँक आणि दुकानं बंद ठेवली, वरच्या शिलाई कारखान्यांतल्या कामगारांना मात्र दुसऱ्या दिवशी कामावर बोलावलं. ऑर्डर वेळेत जायला हवी होती ना.

बहिष्काराबद्दल माझं मत विरोधात आहे. बांगलादेशच्या निर्यातीत तयार कपड्यांचा वाटा ८० टक्क्यांहून जास्त आहे आणि शिवणाऱ्यांत बहुतांश बाया आहेत, ऑर्डर गेली तर पहिली घरी बसते ती शिवणारी, मालक नाही. त्या दुर्घटनेनंतर फरक पडला तो कायद्याने बांधणाऱ्या करारामुळे, कामगार संघटना आणि दोनशेहून जास्त ब्रँड एकत्र आले, कारखान्यांची तपासणी सुरू झाली, तिचे निकाल जाहीर व्हायला लागले. सगळं गोड झालं असं नाही, मजुरी अजून कमीच आहे. पण विकत घेऊन जाब विचारणं हे न घेता गप्प बसण्यापेक्षा बरं.

९. डब्यावर "मेड इन चायना" असतं, म्हणजे सगळा पैसा चीनला जातो का?

नाही, आणि इथे भलेभले फसतात. २००९ च्या आयफोनचा हिशोब अभ्यासकांनी मांडला होता, एका फोनचा उत्पादन खर्च साधारण १७९ डॉलर, त्यातले चीनमधल्या जुळणीचे फक्त साडेसहा डॉलर. बाकीचे सुटे भाग जपान, कोरिया, जर्मनी, अमेरिका वगैरे ठिकाणचे, आणि विक्रीवरचा नफा तर वेगळाच, तो कॅलिफोर्नियात. पण सीमाशुल्काच्या नोंदीत पूर्ण १७९ डॉलर चीनची निर्यात म्हणून पडतात! त्यामुळे दोन देशांतली व्यापारी तूट सांगून कुणी घाबरवायला लागलं तर आधी विचारा, हा आकडा बॉक्सचा आहे की बॉक्समधल्या कामाचा.

१०. मग आयात शुल्क वाढवलं की नोकऱ्या परत येतील ना?

थोड्या येतात, महाग पडतात. २०१८ मध्ये अमेरिकेने आयात वॉशिंग मशीनवर शुल्क लावलं, नंतर अर्थतज्ज्ञांनी हिशोब केला तर मशीनच्या किमती साधारण १२ टक्के वाढल्या, आणि ड्रायरच्याही वाढल्या, ज्यावर शुल्कच नव्हतं, कारण लोक जोडी घेतात आणि कंपन्यांनी ते ओळखलं. कारखान्यांत साधारण १,८०० नोकऱ्या आल्या, ग्राहकांच्या खिशातून गेलेला पैसा भागला तर एका नोकरीमागे ८ लाख डॉलरच्या वर. त्या पैशात काय काय करता आलं असतं ते प्रश्न ४ च्या शेवटी आहे.

अपवाद आहेत. नवीन उद्योग उभा राहीपर्यंत थोडी वर्षं संरक्षण देणं काही देशांना जमलंय (प्रश्न ६), पण तिथे निर्यात करून दाखवायची अट होती. अट नसली की उद्योग मोठा होतच नाही, नुसता संरक्षण मागत बसतो.

११. परदेशी पैसा येणं चांगलंच ना, मग बंधनं कशाला?

कुठला पैसा ते बघा. कारखाना बांधणारा पैसा रात्रीतून पळत नाही, शेअर आणि अल्पमुदतीच्या कर्जातला पळतो. २ जुलै १९९७ ला थायलंडला आपल्या चलनाचा, बाह्टचा, बांधलेला दर सोडून द्यावा लागला, काही महिन्यांत त्याची किंमत निम्म्याहून खाली, मग इंडोनेशिया, कोरिया सगळे ओढले गेले. इंडोनेशियाची अर्थव्यवस्था १९९८ मध्ये साधारण १३ टक्क्यांनी आक्रसली आणि सुहार्तोंची तीन दशकांची सत्ता गेली. मलेशियाने मात्र सप्टेंबर १९९८ ला पैसा बाहेर न्यायलाच बंधनं घातली, तेव्हा सगळ्यांनी नावं ठेवली. पुढे २०१२ मध्ये खुद्द नाणेनिधीने मान्य केलं की काही परिस्थितीत अशी बंधनं योग्य असू शकतात. चौदा वर्षं लागली पण!

१२. हुशार माणसं बाहेर जातात, हा देशाचा तोटाच ना?

डॉक्टर-नर्स गेले की तोटा दिसतो, खास करून आफ्रिकेतल्या लहान देशांत. पण २०२३ मध्ये गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत बाहेर गेलेल्या माणसांनी साधारण ६५,००० कोटी डॉलर घरी पाठवले, परकीय मदतीपेक्षा कितीतरी जास्त, आणि हा पैसा मधल्या कुणाच्या हातात न जाता थेट घरी जातो. नेपाळात तो जीडीपीच्या जवळपास पाव हिस्सा आहे. पैशाने न मोजता येणारं नुकसान म्हणजे बापाविना वाढलेली पोरं, त्याचा हिशोब कुठल्याच तक्त्यात नसतो.

१३. सगळी संस्कृती एकसारखी होतेय, भाषा मरतायत, याला ग्लोबलायझेशनच जबाबदार?

थोडंफार. पण बहुतेक छोट्या भाषा मेल्या त्या देशातल्याच मोठ्या भाषेने, शाळेने आणि सरकारी कचेरीने, परदेशी चॅनलने नाही. आणि प्रवाह एकाच दिशेने जातो असंही नाही राहिलं, कोरियन गाणी जगभर ऐकतात आणि ती भाषा शिकायला पोरं क्लास लावतात.

१४. पेटंट म्हणजे मुक्त व्यापारच ना?

उलट आहे. डब्ल्यूटीओबरोबर १९९५ ला ट्रिप्स हा बौद्धिक संपदेचा करार आला, त्याने पेटंट किमान २० वर्षांचं केलं, म्हणजे मक्तेदारी जगभर पसरवली. एचआयव्हीच्या औषधांचा वर्षाचा खर्च माणशी १० हजार डॉलरच्या वर होता, २००१ च्या सुरुवातीला भारतातल्या सिप्लाने तोच कोर्स ३५० डॉलरला देऊ केला. त्याच वर्षी दोहामध्ये देशांनी जाहीरनामा काढला की सार्वजनिक आरोग्यासाठी सरकार पेटंटधारकाच्या परवानगीशिवाय औषध बनवायला परवाना देऊ शकतं. म्हणून व्यापार करार हातात आला की शुल्काच्या तक्त्याआधी पेटंटचं प्रकरण वाचा.

१५. पर्यावरणाचं काय?

जहाजं जगाच्या उत्सर्जनात साधारण ३ टक्के घालतात, विमानाने आलेला माल किलोमागे कितीतरी पट वाईट. खरा प्रश्न वाहतुकीपेक्षा घाण कुणाच्या अंगणात जाते हा आहे. २०१८ ला चीनने प्लास्टिक कचरा घेणं थांबवलं तर श्रीमंत देशांचा कचरा मलेशिया, थायलंड, व्हिएतनामकडे वळला. युरोपने आता स्टील, सिमेंट वगैरेच्या आयातीवर कार्बनचा हिशोब मागायला ऑक्टोबर २०२३ पासून सुरुवात केलीय, गरीब देश त्याला आडून लावलेलं शुल्क म्हणतात, आणि त्यांच्या म्हणण्यात दम आहे.

१६. कोणी नियम मोडला तर डब्ल्यूटीओ काय करते?

पॅनल निकाल देतं, पण अपील ऐकणारी बॉडी डिसेंबर २०१९ पासून ठप्प आहे. सात सदस्य हवेत, एका केसला किमान तीन, आणि अमेरिकेने नव्या नेमणुकाच अडवून ठेवल्या. हरलेला देश अपील करतो, ऐकायला कुणी नाही, केस लटकते.

१७. कोविड, युद्ध, टॅरिफ… ग्लोबलायझेशन संपलं ना आता?

संपलं नाही, वाढायचं थांबलं, आणि ते कोविडच्या बरंच आधी. जगाच्या जीडीपीच्या तुलनेत आयात-निर्यातीचं प्रमाण १९७० च्या सुमारास पाव होतं, २००८ पर्यंत ६० टक्क्यांच्या आसपास गेलं आणि तेव्हापासून तिथेच घुटमळतंय. मार्च २०२१ मध्ये एव्हर गिव्हन जहाज सुएझमध्ये सहा दिवस आडवं अडकलं, त्याच सुमारास कॉम्प्युटर चिपचा तुटवडा होता, तेव्हा कंपन्यांना कळलं की सगळ्यात स्वस्त एकाच ठिकाणाहून घेणं किती धोक्याचं आहे.

आता जे चाललंय त्यात रस्ते बदलतायत. २०२३ मध्ये अमेरिकेला सगळ्यात जास्त माल विकणारा देश चीन नव्हता, मेक्सिको होता. टाळ्या वाजवायच्या आधी मेक्सिकोतल्या त्या कारखान्यांत सुटे भाग कुठून येतात ते बघा, त्यातले काही चीनमधूनही येतात, आणि बॉक्सवर नाव कुणाचं हा घोळ प्रश्न ९ मध्ये सांगितलाच आहे.